संगणकातील गाठोडी : बांधणे आणि सोडणे

तारेचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना शब्दांची काटकसर म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. तारेचे पैसे शब्दागणिक पडत. त्यामुळे एरवी चार पाने खरडणारा गृहस्थही तारघराच्या खिडकीपाशी उभा राहिला म्हणजे मोठा मितभाषी होत असे. भारतातील तारसेवा 2013 च्या जुलै महिन्यात बंद झाली. परंतु तिच्यातील एक सोय आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लग्न, दिवाळी, परीक्षेतील यश अशा प्रसंगी पाठवावयाची अभिनंदनाची वाक्ये ठरलेली असत आणि प्रत्येक वाक्यास एक क्रमांक दिलेला असे. पाठविणाऱ्याने केवळ क्रमांक लिहावयाचा. तारेतून तो क्रमांकच जावयाचा. आणि लग्नघरी मात्र संपूर्ण वाक्य पोहोचावयाचे. वाटेत मजकूर आक्रसला, पण मुक्कामी पोहोचताना त्यातील एक अक्षरही कमी झाले नाही. हे साधले, कारण दोन्ही टोकांच्या तारमास्तरांजवळ वाक्यांची तीच यादी होती.

मराठी पत्रलेखनात ही युक्ती त्याहूनही जुनी आहे. ‘सा. न. वि. वि.’ अशी चार अक्षरे लिहिली की वडीलधारी मंडळी ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे वाचतात, शेवटी ‘क. लो. अ.’ लिहिले की ‘कळावे, लोभ असावा’ असे समजतात. ज्याला हा संकेत ठाऊक नाही त्याच्या हाती मात्र निरर्थक अक्षरे पडतात. आजच्या शाळेतील मुलापुढे आजोबांचे पत्र ठेवले तर नेमके हेच घडते.

संगणकावरील फाईल ‘झिप’ करणे आणि पुढे ती उलगडणे, या दोन क्रियांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. रोज लक्षावधी माणसे त्या करतात. एक बटण दाबले की फाईल लहान होते, दुसरे दाबले की ती पुन्हा मोठी होते. मध्ये काय घडते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो न केल्याने नुकसान होण्याचे प्रसंग मात्र येतात.

समजा, बेळगावातील एखाद्या शाळेने सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरविले आहे. चाळीस लेख, दीडशे छायाचित्रे, जाहिरातींचा मजकूर आणि एका वृद्ध निवृत्त शिक्षकाने सांगितलेल्या व कोणी तरी टंकून घेतलेल्या आठवणी, असे सारे साहित्य पुण्याच्या छापखान्याकडे पाठवावयाचे आहे. दोनशे फाईली एकेक करून पाठविणे म्हणजे वऱ्हाडातील माणसे एकेक करून गाडीत बसविण्यासारखे होय. कोणी तरी मागे राहणारच. म्हणून त्या एका गाठोड्यात बांधावयाच्या. येथे दोन कामे होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिले, अनेक फाईलींची मिळून एक फाईल करणे. दुसरे, तिचा आकार घटविणे. युनिक्स जातीच्या संगणकांवर ही कामे आजही निरनिराळी केली जातात. ‘टार’ नावाचा प्रोग्राम नुसते बांधतो आणि ‘जीझिप’ नुसते दाबतो. झिपमध्ये दोन्ही एकदम होतात, म्हणून ती एकच क्रिया आहे असा भास होतो.

आता आकार घटतो तो कसा? कापसाची गादी दाबावी तसे येथे काही दाबले जात नाही. संगणकाच्या दृष्टीने फाईल म्हणजे शून्य आणि एक या दोन अंकांची लांबलचक ओळ. त्यांतील प्रत्येक अंकास बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. घटते ती या अंकांची संख्या. ती घटू शकते, कारण माणसाच्या लेखनात पुनरुक्ती फार असते. ‘महारा’ एवढे वाचले की पुढे काय येणार हे कोणीही सांगेल. मग पुढील अक्षरांसाठी पूर्ण जागा कशाला अडवावयाची? अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारे क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये या विचारास गणिताचे रूप दिले. कोणत्याही संदेशात खरी माहिती किती आणि अनुमानाने कळणारा भाग किती, हे मोजण्याचे माप त्यांनी घालून दिले. त्या मापाच्या खाली कितीही चतुराई केली तरी जाता येत नाही.

माप मिळाले, पण तिथवर पोहोचण्याची रीत मिळावयाची होती. छापखान्यातील जुळाऱ्याच्या खणांत सर्व खिळे सारख्या संख्येने नसतात. कान्याचे खिळे पुष्कळ लागतात, ‘ङ’चे क्वचित. मोर्सच्या तारलिपीत इंग्रजीतील सर्वांत अधिक येणाऱ्या ‘ई’ या अक्षरास केवळ एक बिंदू दिला आहे, तो याच हिशेबाने. परंतु अशी वाटणी सर्वांत काटकसरीची कशी करावी, हा प्रश्न सुटला नव्हता. 1951 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्रसिद्ध तंत्रविद्यापीठ एम. आय. टी. येथे रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांस सांगितले की, वार्षिक परीक्षेस बसा अथवा त्याऐवजी एक निबंध लिहा. निबंधासाठी त्यांनी हाच प्रश्न दिला. मात्र तो स्वतः त्यांना आणि शॅननसारख्यांनाही सुटलेला नाही, हे सांगितले नाही. वर्गातील डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध पत्करला. कित्येक महिने डोके खपवूनही काही हाती लागेना, तेव्हा कंटाळून परीक्षेचा अभ्यास करावा अशा विचाराने टिपणे केराच्या टोपलीत टाकावयास ते निघाले. आणि त्याच वेळी त्यांना उत्तर सुचले. मोठे लोक वरून खाली वाटणी करीत येत होते. हफमन यांनी उलट केले. सर्वांत कमी येणारी दोन चिन्हे प्रथम एकत्र जोडावयाची, त्या जोडीस एकच चिन्ह मानावयाचे, पुन्हा सर्वांत कमी येणारी दोन जोडावयाची, आणि असे करीत शेंड्यापर्यंत जावयाचे. हा निबंध 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न अवघड आहे हे सांगितले नाही म्हणून तो सुटला, असेही म्हणता येईल. शिक्षकांनी याचा विचार करण्यास हरकत नाही.

एका लहान उदाहरणाने ही रीत ध्यानात येईल. सोळा अक्षरांचा एक मजकूर आहे आणि त्यात ‘अ’ आठ वेळा, ‘ब’ चार वेळा, ‘क’ व ‘ड’ प्रत्येकी दोन वेळा येतात असे मानू. चार चिन्हे ओळखावयास प्रत्येकी दोन बिट पुरतात, एकूण बत्तीस. हफमन यांच्या रीतीने ‘अ’ला 0, ‘ब’ला 10, ‘क’ला 110 आणि ‘ड’ला 111 असे संकेत मिळतात. आता ‘अ’साठी आठ, ‘ब’साठी आठ, ‘क’साठी सहा आणि ‘ड’साठी सहा, असे मिळून अठ्ठावीस बिट लागतात. कोणताही संकेत दुसऱ्याची सुरुवात होत नाही, म्हणून मध्ये स्वल्पविराम न देताही वाचणारा कोठे अडखळत नाही.

बत्तिसाचे अठ्ठावीस ही बचत काही मोठी नव्हे. खरी मोठी बचत दुसऱ्या एका कल्पनेतून आली. इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन या संस्थेतील अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव या दोघांनी 1977 मध्ये ती मांडली. तिचा नमुना मराठी वाचकास नवा नाही. आरती वा भजन छापताना ध्रुपद एकदाच पूर्ण छापतात. पुढे प्रत्येक कडव्याच्या शेवटी नुसते ‘ध्रु.’ लिहितात, आणि गाणारा मागे जाऊन तेच म्हणतो. लेंपेल व झिव यांच्या रीतीत संगणक सबंध मजकुरात असे ध्रुपद शोधीत जातो. ‘आंब्याचे लोणचे, लिंबाचे लोणचे, मिरचीचे लोणचे’ हे घ्या. सोयीसाठी प्रत्येक जोडाक्षर, स्वल्पविराम व मोकळी जागा यांस एकेक स्थान मोजले तर एकूण सव्वीस स्थाने होतात. ‘आंब्याचे लोणचे, लिंबा’ एवढी अकरा स्थाने लिहून झाल्यावर पुढचे लिहावयाचे कारणच नाही. ‘नऊ स्थाने मागे जा आणि तेथून सात उचल’ एवढी सूचना पुरते. मग ‘मिरची’ ही तीन अक्षरे, आणि पुन्हा ‘दहा मागे जा, पाच उचल’. चौदा अक्षरे आणि दोन सूचना यांत सारे आले. विशेष हे की, तारमास्तरांप्रमाणे येथे वाक्यांची यादी आगाऊ पाठवावी लागत नाही; उलगडणारा जो मजकूर लिहीत जातो तोच त्याचा कोश होतो.

या दोन कल्पना एकमेकींवर बसविल्या की ‘डिफ्लेट’ ही रीत तयार होते: आधी ध्रुपदे शोधावयाची, मग उरलेली अक्षरे व सूचना यांना हफमन यांचे संकेत द्यावयाचे. झिप फाईलीत सामान्यतः हीच वापरलेली असते. तिचा जाहीर तपशील इंटरनेटच्या ज्या दस्तऐवजात 1996 मध्ये प्रसिद्ध झाला त्याचा क्रमांक 1951 आहे. हफमन यांनी ज्या वर्षी ती टिपणे टोपलीपर्यंत नेली तेच वर्ष. अर्थात हा केवळ योगायोग.

झिप घडविणारे फिल कॅट्झ हे अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून फाईली पाठवीत. 2400 बिटांच्या मोडेमने सेकंदास सुमारे 240 अक्षरे जात. त्या मानाने एक पूर्ण भरलेली फ्लॉपी पाठविण्यास पावणेदोन तासांच्या जवळपास लागत, आणि टेलिफोनचे बिल वाढत राही. फाईल निम्मी झाली तर बिलही निम्मे होई. कॅट्झ यांनी प्रथम दुसऱ्या एका कंपनीच्या ‘आर्क’ या प्रकाराशी जुळणारा, परंतु त्याहून वेगवान प्रोग्राम काढला. त्यावरून 1988 मध्ये खटला झाला आणि तो तडजोडीने मिटला. मग 1989 मध्ये त्यांनी स्वतःचा ‘झिप’ हा नवा प्रकार आणला आणि त्याची सारी रचना जगास खुली केली. ज्याला वाटेल त्याने झिप बांधणारा वा सोडणारा प्रोग्राम लिहावा. पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही त्या वेळची गाठोडी आज उघडतात, त्याचे श्रेय रीतीच्या श्रेष्ठतेपेक्षा या मोकळेपणाला अधिक आहे. रशियातील यूजीन रोशाल यांचा ‘रार’ आणि इगोर पावलोव्ह यांचा ‘7-झिप’ हे पुष्कळदा झिपहून अधिक आकसवतात. तरी परक्या माणसाला फाईल पाठवावयाची तर झिपच बरे. कॅट्झ यांचा अंत मात्र करुण झाला. मद्याच्या आहारी गेलेला हा मनुष्य एप्रिल 2000 मध्ये मिलवॉकीच्याच एका हॉटेलात मृत आढळला; त्या वेळी वय होते अवघे सदतीस. प्रत्येक झिप फाईलीची पहिली दोन अक्षरे त्यांच्या नावाची आद्याक्षरे, ‘पी’ आणि ‘के’, आहेत.

मराठी मजकूर या यंत्रणेस विशेष मानवतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या ‘यूटीएफ-8’ या पद्धतीत साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे पंधरा बाइट झाले. तोच शब्द रोमन लिपीत सात बाइटांत बसतो. हा अन्याय वाटेल. परंतु देवनागरीच्या तिन्ही बाइटांतील पहिला नेहमी तोच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. खरी बातमी सांगतो तो प्रामुख्याने तिसरा. ही पुनरुक्ती झिपच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे स्मरणिकेतील साधा मजकूर झिप केल्यावर मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान होतो.

छायाचित्रांचे तसे नाही. दीडशे छायाचित्रे झिप करूनही आकार जवळजवळ तेवढाच राहिला म्हणजे पुष्कळांस आपले काही चुकले असे वाटते. चुकलेले काही नसते. ‘जेपेग’ प्रकारचे छायाचित्र मुळातच आकसवलेले असते, आणि तेही काही तपशील कायमचा टाकून देऊन. डोळ्यांस तो जाणवत नाही एवढेच. चित्रपट आणि ‘एमपी3’ची गाणी यांचीही तीच गत. एकदा पिळलेले धोतर पुन्हा पिळून कितीसे पाणी निघणार? झिप फाईलीचे पुन्हा झिप करणेही तसेच व्यर्थ होय. प्रत्येक फाईल लहान करील अशी रीत असूच शकत नाही, याला साधा पुरावा आहे: पंगतीस शंभर माणसे आणि पाट नव्याण्णव असतील तर कोठे तरी दोघे एका पाटावर बसणारच. लहान फाईलींची संख्या मोठ्या फाईलींहून कमी आहे. सर्वच मोठ्या फाईली लहान केल्या तर दोन निरनिराळ्या फाईलींचे गाठोडे एकच होईल आणि सोडताना त्यातून कोणती काढावी हे कळणार नाही.

वर्डची आजची फाईलदेखील वस्तुतः झिपच आहे. 2007 च्या आवृत्तीपासून आलेल्या ‘डॉक्स’ फाईलीची एक प्रत करून तिच्या नावाचे शेपूट ‘झिप’ असे बदलले तर ती गाठोड्याप्रमाणे उघडते, आणि आत ‘मीडिया’ नावाच्या कप्प्यात लेखातील सर्व चित्रे सुटी सापडतात. लेखकाने छायाचित्रे लेखातच चिकटवून पाठविली असतील तर छापखान्यास हा उपाय फार उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. विंडोजमध्ये सर्व साहित्य एका फोल्डरात ठेवून त्यावर माऊसची उजवी कळ दाबावी आणि झिपमध्ये कॉम्प्रेस करण्याचा पर्याय निवडावा. आलेले गाठोडे सोडावयाचे तर त्यावर उजवी कळ दाबून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ म्हणावे. घात होतो तो या दुसऱ्या पायरीपाशी. विंडोज झिप फाईल एखाद्या फोल्डरासारखीच उघडून दाखविते. आतील लेखावर दोनदा टिचकी मारली की तोही उघडतो. वापरणाऱ्यास वाटते, झाले, गाठोडे सुटले. वास्तविक ते सुटलेले नसते. त्यातील एका लेखाची तात्पुरती प्रत कोठे तरी आडबाजूस काढून दाखविलेली असते. त्या वृद्ध शिक्षकांच्या आठवणी कोणी अशा उघडल्या, शेजारी बसून त्यांच्याकडून नावे, साले, सहकाऱ्यांच्या हकीकती दुरुस्त करून घेतल्या, आणि समाधानाने फाईल बंद केली. तर त्या दुरुस्त्या गाठोड्यात परत जात नाहीत. छापखान्याकडे जाते ती जुनीच प्रत. शिक्षकांचे वय ऐंशीच्या पुढे असेल तर ती बैठक पुन्हा होईलच असे कोणी सांगावे? म्हणून आधी सारे बाहेर काढावे, बाहेरच्या प्रतीवर काम करावे, आणि शेवटी नवे गाठोडे बांधावे.

दुसरी अडचण नावांची. झिपचा जन्म झाला तेव्हा फाईलींची नावे आय. बी. एम.च्या जुन्या संगणकांतील 256 चिन्हांच्या तक्त्यानुसार लिहीत; त्यात देवनागरी अर्थातच नव्हती. यूटीएफ-8 मधील नावांसाठी निराळी खूण करण्याची सोय 2006 मध्ये झिपच्या नियमांत आली. बांधणाऱ्या प्रोग्रामने ती खूण केली नाही अथवा सोडणाऱ्याने ती पाहिली नाही, तर ‘म’ या अक्षराच्या जागी ग्रीक अल्फा, स्पॅनिश भाषेतील नागमोडी रेघ दिलेला ‘एन’ आणि एक कोनाकार अवतरणचिन्ह असे त्रिकूट दिसते. चाळीस लेखांच्या नावांची अशी अल्फांची माळ झाली की लेख कोणाचा आणि क्रम कोणता, हे छापखान्यास कळत नाही. आतील मजकूर मात्र शाबूत असतो. खबरदारी म्हणून नावांच्या आरंभी 01, 02 असे इंग्रजी अंक घालावेत. ते कोणत्याही तक्त्यात बदलत नाहीत.

गाठोडे ‘खराब आहे’ अशी तक्रार संगणकाने केली तर बहुधा ते अर्धवट उतरलेले असते. झिपची अनुक्रमणिका ग्रंथाच्या आरंभी नसून अगदी शेवटी असते. शेपूट तुटले की आत काय आहे हेच कळत नाही. अशा वेळी फाईल पुन्हा मागवून घ्यावी. मूळ प्रतच नाहीशी झाली असेल तर दुरुस्तीचे प्रोग्राम काही भाग सोडवू शकतात, कारण प्रत्येक फाईलीच्या आधीही तिची लहानशी चिठ्ठी असते.

परक्याकडून आलेली गाठोडी सोडताना जपावे. ‘42.झिप’ नावाची एक कुप्रसिद्ध फाईल केवळ 42 किलोबाइटांची आहे. परंतु तिच्यात एकात एक बांधलेली गाठोडी शेवटपर्यंत सोडीत गेल्यास साडेचार पेटाबाइट, म्हणजे पंचेचाळीस लक्ष गिगाबाइट मजकूर बाहेर पडेल. पुनरुक्तीचा हा अतिरेक थट्टेचा वाटतो. नित्याचा धोका निराळा आहे. बिलाच्या नावाने आलेल्या गाठोड्यातून ‘ईएक्सई’ शेपटाची फाईल निघाली तर तिला हात लावू नये. परवलीच्या शब्दाविषयीही भ्रम नको. झिपची जुनी कुलूपपद्धती तकलादू आहे हे 1994 मध्येच सिद्ध झाले. 7-झिपसारख्या प्रोग्रामात ‘एईएस’ नावाची मजबूत पद्धत निवडता येते. तीतही झिप गाठोड्यातील फाईलींची नावे मात्र कुलपाबाहेरच राहतात. तेव्हा गुप्त गोष्ट नावातच लिहून ठेवू नये.

गाठोडे बांधताना प्रोग्राम प्रत्येक फाईलीवरून बत्तीस बिटांची एक पडताळा-संख्या काढून आत नोंदवितो, आणि सोडताना ती पुन्हा काढून ताडून पाहतो. एका बिटाचा फरक झाला तरी संख्या जुळत नाही. भलतीच मोडतोड होऊनही ती योगायोगाने जुळण्याचा संभव सुमारे 429 कोटींत एक एवढाच. 7-झिपमध्ये ‘टेस्ट’ असा पर्याय आहे, तो हीच ताडणी काहीही बाहेर न काढता करतो. स्मरणिकेचे गाठोडे पाठविण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी. शक्य तर ते दुसऱ्या एखाद्या संगणकावर सोडून लेख चाळीस आणि छायाचित्रे दीडशे भरतात की नाही हे मोजावे. मूळ फोल्डर पुसावयाचेच असेल तर ते छापखान्याकडून सर्व फाईली उघडल्याचा निरोप आल्यानंतर पुसावे.